खाकीतलं प्रेम आणि जुलैतलं लग्न

(पत्र थोडं कमी करून छापलं आहे. लिहिणारीच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही.)

ताई, मी मूळची पुण्याची. नायजेरियाहून पुण्यात शिकायला आलेल्या एका इग्बो मुलाशी मी १९९६ साली लग्न केलं आणि लेगॉसला आले. माझ्या वडिलांनी माझं नाव टाकलं होतं, नातवंडं झाल्यावर कुठे बोलणं सुरू झालं. आता माझी धाकटी मुलगी चोवीस वर्षांची आहे. कॉम्प्युटरची पदवी घेऊन गेल्या नोव्हेंबरात ती इथल्या राष्ट्रीय युवा सेवेत गेली. क्वारा राज्यात यिकपाताच्या कॅम्पमध्ये टिव जमातीच्या एका मुलाशी तिची ओळख झाली. मुलगा बेन्वे राज्यातला, ग्बोकोचा, कॅथलिक, शेतकी इंजिनियर. आता ती इलोरिनच्या एका शाळेत शिकवते आणि तो पाटिगीला आहे. दोघांना जुलैत इथे इकोयीच्या रजिस्ट्रीत लग्न करायचंय. जानेवारीत तो एमएस्सीला ब्रिटनला जाणार आणि ही बायको म्हणून त्याच्याबरोबर जाणार, असा बेत आहे. नवरा गप्प आहे. मोठे दीर म्हणतात, "एक परकी आणली तेवढं पुरे, मुलगी तरी आपल्यात द्या." मी काही बोलायला गेले की लेक म्हणते, "आई, तू काय केलंस?" तीन आठवड्यांच्या कॅम्पात जमलेल्या प्रेमाला मी हो कसं म्हणू, आणि कोणत्या तोंडाने नाही म्हणू?
– एक आई, लेगॉस

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मुलाबद्दल तुमची तक्रार काय आहे ते शोधत होते. ती सापडली नाही म्हणून पुन्हा वाचलं. तो दारू पितो, खोटं बोलतो, मुलीवर डाफरतो, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या जिवाला लागलेला घोर दोन गोष्टींचा आहे, एक कॅम्पचा आणि दुसरा जुलैचा. मुलगा त्यात मधल्यामध्ये आलाय.

आधी आपल्या इतर वाचकांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे असला प्रकार नाही. नायजेरियात १९६७ ते १९७० यादवी युद्ध झालं. इग्बोंचा पूर्व भाग बियाफ्रा म्हणून वेगळा व्हायला निघाला होता. युद्ध संपल्यावर जनरल गोवॉन यांच्या सरकारने २२ मे १९७३ रोजी ही युवा सेवा सुरू केली. पदवी घेतलेल्या तिशीच्या आतल्या प्रत्येकाने एक वर्ष सहसा आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात काम करायचं. सुरुवातीचे तीन आठवडे कॅम्प, नंतर बहुतेकांच्या नशिबी कुठलीतरी शाळा, आठवड्यातून एक दिवस गावकीचं काम आणि शेवटी परेड होऊन प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र नसेल तर सरकारीच काय, बऱ्याच खासगी नोकऱ्यांतही दारात उभं करत नाहीत. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या लोकांच्या मुलांनी एकमेकांचं जेवण जेवावं, भाषा ऐकावी, हा त्यामागचा हेतू होता. मुलांनी तो सरकारच्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच मनावर घेतला आणि तेव्हापासून दर वर्षी सेवेच्या खाकी गणवेशातली लग्नं लागत आली आहेत. तेव्हा तुमच्या लेकीने जगावेगळं काही केलेलं नाही. सरकारी योजनेचा हेतू सफल केलाय!

आता कॅम्प. ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी नायजेरियात कडुनाला शाळेत शिकवत होते. दर वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये नवे कॉर्पर, म्हणजे युवा सेवेतली मुलं-मुली, यायचे. कॅम्प नुकताच संपलेला असायचा, आणि जोड्या ओळखायला ज्योतिषी लागत नसे. पहाटे बिगुल, सगळ्यांना सारखी पांढरी हाफ पँट नि पांढरा टी-शर्ट, पलटणीचा नंबर, दिवसभर कवायत आणि रात्री मॅमी मार्केटमध्ये, म्हणजे कॅम्पातल्या बाजारात, भाजलेलं मांस नि गार सोडा. कुणाचा बाप कोण, कुणाच्या घरी गाडी आहे, कुणाच्या डोक्यावर भावंडांची शिक्षणं आहेत, यातलं काही त्या तीन आठवड्यांत दिसत नाही. सरकार खायला घालतं, सरकार झोपवतं, सरकार उठवतं. आपल्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत मांडवामागे जमतं, तसंच ते. त्या दिवसांत सगळेच उत्साही, सगळेच मदतीला तत्पर. त्यातली काही प्रेमं विसर्जनाबरोबर जातात, काहींचे संसार चाळीस वर्षं चालतात, आणि कुठलं कोणत्या वाटेनं जाईल ते मांडवात उभं राहून सांगता येत नाही.

म्हणून कॅम्पवरून भांडू नका. त्यात तुमची हार ठरलेली आहे, आणि तसाही तो मुद्दा आता शिळा झालाय. तुम्ही लिहिताय तीन आठवड्यांचं प्रेम, पण कॅम्प डिसेंबरातच उठला. त्यानंतर ती इलोरिनला आणि तो पाटिगीला, नायजर नदीच्या काठी. म्हणजे कॅम्पनंतरचे हे सगळे महिने तुमच्या हिशोबातून निसटले आहेत. खरी माहिती तिथे आहे.

स्टाफरूममधलं एक सांगते. आमच्याकडे एक मुलगा गणित शिकवायला होता, दक्षिणेकडचा. त्याची मैत्रीण दुसऱ्या गावच्या शाळेत. भत्ता हातात पडला की हा त्याच दुपारी एका पाकिटात थोडे पैसे घालून बहिणीच्या फीसाठी घरी पाठवायचा, आणि उरलेल्यात महिना काढायचा. ती मुलगी शनिवारी आली की दोघं व्हरांड्यात बसून वहीत खर्च मांडायची. तिचे पैसे, त्याचे पैसे, रॉकेल, बसभाडं. एकदा दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं. बहिणीची फी किती वर्षं भरायची, असा तिचा प्रश्न होता. तो आवाज न चढवता म्हणाला, धाकटी शाळेतून बाहेर पडेपर्यंत. मुलगी तासभर फुगून बसली आणि मग पुन्हा वही ओढून घेतली. त्या व्हरांड्यात त्या दोघांना एकमेकांबद्दल जे कळलं, ते कुठल्याही कॅम्पफायरला कळलं नसतं.

तुमच्या लेकीला महिन्याला ७७,००० नायरा भत्ता मिळतो. लेगॉसच्या आजच्या भावांत त्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तेवढ्यात तो कसा राहतो, घरी किती पाठवतो, हिच्याकडे उसने मागतो का, मागितले तर परत करतो का, हे तिला विचारा. चौकशी करतोय असा सूर नको. भाजी निवडताना विचारावं तसं विचारा. आणि तो इलोरिनला येतो की हीच दर वेळी पाटिगीला धावते, तेही. मला विचाराल तर एवढ्या उत्तरांत मुलगा निम्मा कळतो.

आता जुलै. इथे मात्र मी तुमच्या बाजूने ठाम उभी आहे, कारण या घाईला आधारच उरलेला नाही. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम बदलला आहे. वर्गात शिकून घ्यायच्या एमएस्सीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला नवरा, बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. संशोधनाची पदवी असेल किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या होऊ घातलेल्या जावयाचा अभ्यासक्रम यात बसत नसेल, तर जुलैत लग्न लागूनही जानेवारीत तो हीथ्रोला आणि ती लेगॉसलाच. हे तुम्ही तिला सांगू नका. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तिने स्वतः वाचावं, आणि त्याच्यासमोर बसून वाचावं. त्याला हे ठाऊक नसेल तर दोघं मिळून नवा बेत करतील. ठाऊक असूनही त्याने सांगितलं नसेल, तर मग लेकीला जे विचारायचं ते ती विचारेल, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. नायजेरियातल्या तरुणांना देश सोडायची जी ओढ लागली आहे, 'जापा' म्हणतात ती, ती मला कळते. पण व्हिसासाठी लग्नाची तारीख धरायची, तर निदान व्हिसा मिळतो का हे तरी पाहावं.

रजिस्टर लग्नाला मी कमी लेखते असं समजू नका. उलट नायजेरियात मुलीच्या दृष्टीने तेच लग्न भक्कम, कारण त्या कायद्याखाली नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, आणि नुसत्या रीतीरिवाजाच्या लग्नात ती वाट उघडी राहते. नोटीस दिल्यावर एकवीस दिवस थांबायचं आणि तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, इतकं ते सोपं आहे. तुम्ही आपल्याकडच्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर तीस दिवसांची नोटीस आठवत असेलच. बाहेर पडणं मात्र सोपं नाही. तिथल्या १९७० च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत घटस्फोटाचा अर्ज करायलाच कोर्टाची वेगळी परवानगी लागते. शिवाय सेवेत असताना राज्याबाहेर जायलाही परवानगी लागते, म्हणजे क्वाराहून लेगॉसला येऊन लग्न उरकायचं तर दोघांनाही रजेचे अर्ज. परवानगीशिवाय आले आणि सेवा लांबली तर प्रमाणपत्र लटकलं. नोव्हेंबरात परेड होऊ द्या. त्या दिवशी मैदानात गुडघ्यावर बसून अंगठी द्यायची आता तिथे फॅशनच आहे, त्याला हौस असेल तर तेही करू दे.

एक गोष्ट मात्र जुलैपर्यंतसुद्धा थांबू नये, ती म्हणजे जीनोटाइप. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला नाही याचं मला नवल वाटलं, कारण नायजेरियात लग्नाची बोलणी पत्रिकेवर नाही, रक्ताच्या या तपासणीवर अडतात. तिथे साधारण चारांत एक माणूस सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, म्हणजे एएस असतो. दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, होण्याची शक्यता चारांत एक. आई पुण्याची आहे म्हणून मुलगी सुटली असं होत नाही. तुमचा नवरा एएस असेल तर तिला ते मिळण्याची शक्यता निम्मी आहे. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटात आरोग्यसेविका लग्नाआधी हीच तपासणी करून घ्या म्हणून दारोदार फिरतात, आणि ऐन साखरपुड्यानंतर रिपोर्ट आल्यावर घरात काय होतं तेही त्या सांगतात. दोघांनी दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासावं. जुन्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या कार्डावर लिहिलेल्या अक्षरांवर विसंबू नये. रिपोर्ट आल्यावर काय करायचं हा त्यांचा प्रश्न, पण तो त्यांच्यासमोर उघड्या डोळ्यांनी यायला हवा.

आता सगळ्यात अवघड. "आई, तू काय केलंस?"

तुम्हाला हे वाक्य आरोपासारखं टोचलंय. मला ते खरंखुरं विचारलेलं वाटतं, कारण तुम्ही काय केलंत हे तिला माहीतच नाही. तिला माहीत आहे ती गोष्ट: पुण्याची मुलगी, आफ्रिकेतला मुलगा, विरोध, विजय, शेवटी आजोबांचा फोन. मध्ये काय झालं? तुमच्या आईच्या आजारपणात तुम्हाला वेळेवर जाता आलं का? दिवाळीला लेगॉसच्या घरात एकटीने चकल्या तळताना तुमच्या मनात काय यायचं? पहिली मुलगी झाली तेव्हा सासरच्यांनी काय म्हटलं, आणि नवरा तेव्हा बोलला की गप्प बसला? (तो आताही गप्प आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते.) कोणत्या गोष्टीने तुम्हाला तारलं? कारण काहीतरी तारलंच असणार, नाहीतर इतकी वर्षं कुणी टिकत नाही.

हे सगळं तिला सांगा. तिला घाबरवायला नाही, रडायलाही नाही. किंमत किती पडली आणि त्या बदल्यात काय मिळालं, दोन्ही एका दमात सांगा. आपल्या पिढीतल्या प्रेमविवाहवाल्या बायकांची एक खोड आहे. माहेरच्यांनी "सांगत होतो ना" म्हणू नये म्हणून आम्ही वर्षानुवर्षं सगळं छान आहे असंच सांगत आलो, आणि तीच गोष्ट मुलींनाही ऐकवली. मग मुलींना वाटतं, विरोध झेलला की पुढचं आपोआप होतं. तुमची मुलगी परक्या घरात जाणार आहे, तुम्हीही गेला होतात. त्या वाटेवर कुठे खड्डे आहेत हे तिच्या ओळखीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि तुम्ही ते न सांगता कॅम्पच्या तीन आठवड्यांवर बोट ठेवताय.

त्या घराबद्दलही थोडं. टिव लोकांविषयी लेगॉसमध्ये जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं न पाहता बोललेलं असतं, पुण्यात इग्बोंविषयी बोलतात तसंच. पूर्वी त्यांच्यात आपल्याकडच्या साट्यालोट्यासारखी पद्धत होती, तुमची मुलगी आम्हाला आणि आमची तुम्हाला. इंग्रजांनी ती १९२७ मध्ये बंद केली. त्यानंतर वधूमूल्य आलं, जसं तुमच्या सासरी आहे. म्हणजे बोलणी करणारे दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांना परके वाटले, तरी काय बोलायचं ते दोघांनाही पाठ असेल. ग्बोकोला एकदा जाऊन या. मुलीला एकटीला पाठवू नका आणि लग्न ठरवायला आलोय असंही सांगू नका. स्वयंपाकघरात बसा. त्यांच्याकडे कुटलेल्या यामचा, म्हणजे आपल्या सुरणासारख्या कंदाचा, मान मोठा आहे, उखळातून काढलेला गोळा पुढे आला की दोन घास जास्त खा. मुलगा आईशी कसा बोलतो आणि जेवून झालेलं ताट कोण उचलतं, ते पाहून या. बेन्वेकडच्या काही रस्त्यांवर शेतकरी आणि गुराख्यांच्या भांडणांमुळे अधूनमधून धोका असतो, तेव्हा कधी आणि कोणत्या वाटेनं यायचं हे त्याच्या घरच्यांनाच विचारा. ते किती काळजीने सांगतात, तेही कळेल.

राहिले तुमचे दीर. ही लग्नं अडतात ती इथेच. जुलैत दोघांनी इकोयीला जाऊन गुपचूप सही केली, तर तुमच्या सासरच्या गावात, नवऱ्याच्या भाऊबंदांत, म्हणजे उमुन्नात, त्याचा अर्थ एकच लागेल: परक्या आईने फूस लावली. मुलीवर चार दिवस राग निघेल, तुमच्यावर कायमचा. मुलीने भरल्या मांडवात ताडीचा पेला हातात घेऊन नवरदेवाला शोधायचा, तो सोहळा तुम्ही बघितला आहे. त्याआधी मुलाकडच्यांनी येऊन दार ठोठावायचं असतं, आणि ते दार तुमच्या सासरच्यांनी उघडायचं असतं. ग्बोकोची माणसं रीतसर आली, तर दिरांना निदान नाही म्हणायला समोर माणूस तरी मिळेल, आणि समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं फोनवरच्यापेक्षा जड जातं.

पण हा फोन तुम्ही करू नका. दिरांना तुमच्या नवऱ्याने फोन करायचा, त्यांच्या भाषेत, मोठ्या भावाशी धाकट्याने बोलावं तसं. "तुझ्या पुतणीला मागणी येते आहे, तू बस," एवढंच. इतकी वर्षं घरच्यांसमोर तुमची बाजू मांडायचं काम त्याने तुमच्यावरच टाकलं असेल, तर या एका वेळी नाही. आज रात्री जेवण झालं की त्याच्यासमोर हे पत्र ठेवा आणि भाषांतर करून वाचून दाखवा. मराठी त्याला थोडीफार समजत असेलच, पुण्यात शिकलाय तो. जिथे अडेल तिथे थांबा, पण दिरांबद्दलचा भाग गाळू नका.

तुमची,
ताई

ता. क. – रिपोर्ट आल्यावर कळवा, चांगला असो वा वाईट. आणि पाटिगीचा मुलगा लेगॉसला आला तर त्याला वरण-भात घाला, यामची तुलना करायला लावू नका.